स्कार्फ, दुपट्टा अन् मधली खुर्ची

किस्से म्हणजे आमच्या वऱ्हाडातला पऱ्हाट्यांचा ढीग. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटायची अन् चुलीसाठी घरामागं रचून ठेवायची. त्यातली एक ओढायला जावं, तर तिच्या फांदीला अडकून चार खाली येतात! माझंही तसंच. कोणी म्हटलं, "काका, त्या रेल्वेवालीचा किस्सा सांगा," की तिच्यामागून रज्जाकभाई येतात, रज्जाकभाईंच्या मागून निर्मला येते, अन् पुढ्यातला चहा थंड होऊन जातो.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी सांगतो, सून लिहून घेते. पहिल्याच ओळीला तिनं विचारलं, "बाबा, आपल्या बोलीत लिहू का पुस्तकातल्या?"

मी म्हटलं, "मधातलं लिही. माही सारी नोकरी मधात बसण्यातच गेली."

नोकरी होती अमरावतीत, विजूताई वकिलीणबाईंच्या ऑफिसात. नवरा-बायकोच्या केसेस. सकाळी शटर उघडायचं, माठ भरायचा, आलेल्याला बसवायचं, रडणाऱ्याला पाणी द्यायचं, एवढंच माझं काम. सालं वाईट होती. कपाशी लागोपाठ बुडत होती अन् वावरातला राग घरात येत होता. विजूताईंच्या बाकड्यावर जागा मिळत नसे.

आता कोर्ट काय करतं, सोडचिठ्ठीच्या आधी दोघांना मिडिएशनला पाठवतं. एक खोली, एक टेबल, अन् दोघांच्या मधे एक समजूतदार मध्यस्थ. तिथं ओरडायचं नाही, रडत बसायचं नाही, मनात काय आहे ते नेमकं बोलायचं. सांगा आता! नेमकं बोलता आलं असतं, तर ते दोघं तिथं आलेच कशाला असते?

म्हणून विजूताई आधी तयारी करून घ्यायच्या. अन् त्या तयारीत मी एक दिवस नवरा झालो.

०

झालं असं की बडनेऱ्याची एक बाई आली. नवरा रेल्वेत. घरी म्हणे भांडे फेकायची, पण मिडिएशनच्या खोलीत गेली की एकच वाक्य, "तुमी म्हणसान तसं." विजूताईंनी डोक्याला हात लावला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी माठ पुसत होतो.

"काका, फडकं ठेवा अन् या खुर्चीत बसा. बाई, समजा हे तुमचे मालक. आता बोला काय बोलायचं ते. भांडा!"

बाईनं मला खालून वर पाहिलं. मग हळूच विजूताईंना म्हणाली, "हे तं चांगले दिसतात वो. याईच्यासंग कावून भांडू?"

विजूताई म्हणाल्या, असं होणार नाही. उद्या त्याची एखादी वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी बाईनं त्याचा तीन खणांचा डबाच माझ्यासमोर आदळला. म्हणाली, "म्हणा, 'आज बी मेथीच?'"

मी बिचारा म्हटलं, "आज बी मेथीच?"

बस्स! कालवा फुटावा तशी बाई फुटली! मेथी, सासू, नणदेचं बाळंतपण, पाठदुखी, सारं बाहेर आलं. मी मान खाली घालून ऐकतोय. विजूताई टिपून घेऊन राहिल्या. शेवटी बाई दमली, पदरानं तोंड पुसलं, अन् डबा माझ्याकडं सरकवत म्हणाली, "काका, तुमाले मेथी आवडते ना? ताजी हाये. खा."

तेव्हापासून ऑफिसचा नियमच झाला. तयारीला येताना समोरच्याची एक वस्तू आणायची. ती काकांच्या अंगावर नाहीतर हातात द्यायची. मग बोलायचं.

०

या नियमातच निर्मला आली. भातकुली तालुक्यातली. कपाशी बुडू लागली तेव्हा हिनं विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू लावला, शेवंती लावली, स्कूटी चालवायला शिकली, अन् पहाटे पहाटे फुलांची गाठोडी घेऊन अमरावतीच्या बाजारात! घराची चूल त्या फुलांवर चालू लागली.

ते मोठ्या दिराच्या डोळ्यात खुपलं. "आमच्या घरची बाई गाडीवर बसून फुलं इकते," म्हणून त्यानं चारचौघांत तिला बोल लावला अन् स्कूटीची चावी आपल्या कपाटात ठेवली. नवरा गजानन बाजूलाच उभा. एक शब्द बोलला नाही. निर्मला तडक अकोल्याला माहेरी गेली अन् सोडचिठ्ठीचा अर्ज टाकला.

मिडिएशनच्या दोन तारखा होऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळेस दोघं माना खाली घालून बसले अन् उठून आले. आता तिसरी तारीख शेवटची. त्या दिवशी नाही बोलले, तर संसार मोडला!

तयारीला तिनं गजाननचा दुपट्टा आणला, आमच्याकडं गडीमाणसं खांद्यावर टाकतात तसा, पांढरा, लाल काठाचा. माझ्या खांद्यावर टाकला अन् म्हणाली, "गाठोडं बांधायले दुसरं काही नव्हतं, म्हणून घेतलता घरून."

मी विचारलं नव्हतं!

मग ती समोर बसली. म्हणाली, "भाऊजी मले बोलले, तवा तुमी कावून नाही बोलले?"

विजूताईंनी शिकवून ठेवलं होतं, की काका, नवरे जे म्हणतात तेच म्हणा. मी म्हटलं, "मोठ्या भावापुढं कसं बोलू?"

"मंग सात फेरे बी मोठ्या भावासंगच घ्याचे होते!"

मी आयुष्यात एवढा लाजलो नाही! मग तिचा आवाज खाली आला. दुपट्ट्याच्या काठाकडं पाहत म्हणाली, "मले सोडचिठ्ठी नाही पायजे वो. मले चाबी पायजे. अन् ते बी याईच्या हातानं पायजे."

विजूताई खुर्चीतून उठल्याच. "अगं, हेच! हेच तिथं बोल!"

निर्मलानं मान हलवली. "काकापुढं जमते. त्याईच्यापुढं जीभ टायूले चिकटते."

०

मधे अचलपूरचे रज्जाकभाई सांगून घेतो. गादी-रजईचं दुकान. बेगम रुसून भावाकडं गेलेली. रज्जाकभाईंनी वस्तू आणली बेगमचा अडकित्ता. मी तो घेऊन सुपारी कातरत बसलो, बेगम होऊन.

रज्जाकभाई बोलू लागले. काय जबान, काय मिठास! म्हणे, तुम्ही गेल्यापासून दुकानातली रुई सुद्धा जड झाली. अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपत नाहीत. घराच्या उंबऱ्याला तुमच्या पावलांची सवय आहे. माझे तर डोळे भरून आले. मी अडकित्ता खाली ठेवला अन् म्हटलं, "चला, घरी जाऊ!"

विजूताई ओरडल्या, "काका! तुम्हाला नाही म्हणायचंय!"

मिडिएशनमधे रज्जाकभाईंनी तेच सारं म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडं न होऊ देता. बेगमनं शांत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, इतना मीठा तो ये दुकान में गिऱ्हाइक से बोलते. घर में इनके पास दोच लफ्ज हैं. हूँ और उहूँ."

मध्यस्थ बाईंनी विचारलं, "रज्जाकभाई, यावर तुमचं काय म्हणणं?"

रज्जाकभाई म्हणाले, "हूँ."

०

हां, तर निर्मला. एक दिवस शेजारच्या ऑफिसातले गावंडे वकील आमच्या दारात उभे. हे गजाननचे वकील! म्हणतात, "ताई, तुमचे काका जरा देता का? आमचा पक्षकार भिंतीशी बी बोलत नाही."

विजूताईंनी बराच विचार केला. समोरच्या पार्टीला माणूस द्यायचा म्हणजे! मग मला माठाजवळ नेलं, माझा हात माठावर ठेवला अन् म्हणाल्या, "काका, या माठाचं पाणी त्या माठात नाही अन् त्या माठाचं या माठात नाही. शपथ घ्या."

घेतली. मला काय माहीत, ती एवढी जड जाईल!

गजाननही वस्तू घेऊन आला होता. निर्मलाचा स्कार्फ, पिवळा, त्यावर लाल बारीक फुलं. आमच्याकडच्या उन्हात बाया गाडीवर निघाल्या की डोकं-नाक-कान सारं बांधतात, फक्त डोळे उघडे. तसा स्कार्फ. गजानन आपणहूनच म्हणाला, "गाडीच्या हँडलले राहून गेलता. फेकाचाच होता."

यालाही मी विचारलं नव्हतं!

मी स्कार्फ डोक्याला बांधला. वरून लाल फुलं-फुलं, खालून माझ्या पांढऱ्या मिशा. तेवढ्यात गावंडे वकिलांचा क्लार्क चहा घेऊन आत आला. माझी पाठ त्याच्याकडं. म्हणतो, "वहिनी, साखर कमी घ्यान का?" मी मागं वळलो. त्याच्या हातातून ट्रेच निसटला!

गजानन मात्र हसला नाही. तो माझ्या डोक्यावरच्या स्कार्फकडं पाहतच राहिला. गावंडे वकील घड्याळ पाहू लागले. मी काही घाई केली नाही. मला घाई येतच नाही.

शेवटी तो बोलला, "मले फुलं तोडता येत नाही, निर्मले. कळी बी तुटून येते."

मी स्कार्फची गाठ सारखी केली.

मग त्यानं खिशात हात घातला अन् टेबलावर चावी ठेवली. स्कूटीची! मी खुर्चीतून पडायचाच राहिलो!

"दादाच्या कपाटातून आनली. चोरून नाही, सांगून आनली. त्यानं घर डोक्यावर घेतलं. म्या म्हटलं, आता गाठोडे मी बांधीन, गाडी निर्मलाच चालवन. तुले लाज वाटत असन तं तू डोये मिट."

गावंडे वकील म्हणाले, "अरे बावा! मंग मागच्या तारखेले कावून नाही देली?"

"देतच होतो, साहेब. खिशात हात घातला, तेवढ्यात तिनं माह्याकडं पाह्यलं. हात खिशातच राह्यला."

आता माझी हालत पाहा! हिला चावी पाहिजे, हे मला माहीत. चावी याच्या खिशात आहे, हे मला माहीत. हे दोन्ही दुनियेत मला एकट्याला माहीत, अन् हात माठावर ठेवलेला! संध्याकाळी ताटावर बसलो, तर घास उतरेना. सून म्हणाली, "बाबा, जेवत कावून नाही?"

मी म्हटलं, "पोटात दोन माठ हायेत."

रोज सकाळी विजूताई आल्या की तोंडापर्यंत यायचं. मी पटकन पाणी प्यायचो. त्या म्हणाल्या, "काका, अलीकडं तुम्हाला तहान फार लागते!"

०

अखेर तिसरी तारीख आली. निर्मला अन् गजानन आत गेले, सोबत दोन्ही वकील. मी बाहेर व्हरांड्यात. दुपट्टा अन् स्कार्फ दोन्ही माझ्या पिशवीत, ज्याची वस्तू त्याला आज परत द्यायची म्हणून.

त्याच व्हरांड्यात दुसरीच गंमत चाललेली. आमच्या खेड्यातले लोक मिडिएशन म्हणजे गावची बैठक समजतात. आठ-दहा म्हातारे सतरंजी घेऊनच आले होते! अंथरली, पानसुपारी काढली. तेवढ्यात तिकडून दुसरे फेटेवाले आले. यांनी म्हटलं, "या पाव्हणे, बसा." तेही बसले. बैठक सुरू!

इकडचा मामा म्हणाला, "पाव्हणे, चूक पोराची हाये."

तिकडचा म्हणाला, "शंभर टक्के पोराची!"

"पोरीले मानानं नेलं पायजे."

"वाजतगाजत नेलं पायजे!"

मी म्हटलं, वा! असे व्याही असल्यावर कोर्ट कशाला? घटकाभरात सारं मिटलं. गळाभेट झाली, एकमेकांना सुपारी दिली. उठता उठता इकडच्या मामानं विचारलं, "बाकी पाव्हणे, तुमचं पोरगं दिसलं नाही?"

"पोरगं? आमची तं पोरगी हाये! पोरगं तुमचं ना?"

"नाही बा! आमची बी पोरगीच!"

दोन वेगवेगळ्या केसेस, अन् दोन्हीकडचे पोरीवाले! म्हणून तर एवढं जमलं!

मी हसून घेतो न घेतो, तोच मिडिएशनच्या खोलीचं दार उघडलं. विजूताई बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

"गप्प आहेत, काका. मध्यस्थ बाईंनी पेनाचं टोपण काढलंय. आता 'जमलं नाही' लिहितील."

दार उघडंच होतं. आतून निर्मलाचा आवाज आला, "बाई, लिहू नोका. मले याईच्यापुढं बोलता येत नाही. काकापुढं येते. काकाले बोलवा."

अन् लगेच गजाननचा, "मले बी! मले बी काकापुढंच येते."

आत खुर्ची करकरली. मग निर्मला म्हणाली, "तुमाले काका कुठून माहीत?"

"तुले कुठून माहीत?"

तिन्ही तारखांत नवरा-बायको एकमेकांशी पहिल्यांदा बोलले, ते हे!

०

मी आत गेलो. मध्यस्थ बाई चांगल्या वयस्क, चष्म्यावरून पाहणाऱ्या. गावंडे वकील म्हणाले, "मॅडम, याला माझं ऑब्जेक्शन..."

"इथं ऑब्जेक्शन नसतं, वकीलसाहेब. बसा. काका, तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "बाई, तसा मी माठ भरतो. पण आत्ता मी यांचा कोण, हे यांनाच विचारा."

दोघांच्या मधात खुर्ची ठेवली. मी पिशवी उघडली. दुपट्टा निघाला, स्कार्फ निघाला.

"हा तं माहा स्कार्फ!"

"अन् हा माहा दुपट्टा!"

"गाठोडं बांधायले दुसरं काही नव्हतं," निर्मला घाईनं म्हणाली.

"हँडलले राहून गेलता," गजाननही तेवढ्याच घाईनं म्हणाला.

मी दुपट्टा खांद्यावर टाकला अन् निर्मलाकडं तोंड केलं. तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. गजाननकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"अवो, मले सोडचिठ्ठी नाही पायजे. चाबी पायजे. तुमच्या हातानं. अन् भाऊजीपुढं एक शबूद पायजे."

मागून आवाज आला, "काका, थांबा. आता माहा नंबर हाये. स्कार्फ बांधा."

दुपट्टा काढायला वेळ कुठं होता! तसाच वरून स्कार्फ बांधला अन् गजाननकडं वळलो. तो उभाच राहिला. "निर्मले, दादापुढं बोललो. गाडी तूच चालवशीन, असं साऱ्या घरापुढं सांगतलं. गाठोडे मी बांधीन. फुलं तोडणं तेवढं शिकव मले. हे घे." अन् चावी माझ्या हातावर ठेवली.

आता आली का पंचाईत! खांद्यावर दुपट्टा म्हणजे मी नवरा. डोक्यावर स्कार्फ म्हणजे मी बायको. चावी द्यायची मी, घ्यायचीही मी! सारी खोली माझ्याकडं पाहून राहिली. मी थोडा विचार केला. मग उजव्या हातातली चावी नीट, मानानं, डाव्या हातात दिली.

मध्यस्थ बाईंनी तोंडावर रुमाल धरला. विजूताई भिंतीकडं वळल्या. अन् निर्मला हसली! पहिले हळू, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी काढत. गजानन घाबरून पाहत राहिला, मग तोही हसू लागला. हसता हसता निर्मलानं माझ्या डाव्या हातातून चावी उचलली अन् म्हणाली, "काका, आता उठा ना बाप्पा मधातून!"

मी उठलो. ज्याची वस्तू त्याला द्यायची म्हणून दुपट्टा गजाननकडं केला, तो निर्मलानं घेतला. स्कार्फ निर्मलाकडं केला, तो गजाननकडं गेला. मला काही समजेना. मी रिकामी पिशवी घडी केली.

थोड्या वेळानं ते दोघं खाली उतरले अन् आम्ही बाकीचे सारे खिडकीपाशी. खाली स्कूटी उभी होती. गजानन गावाहून तीच घेऊन आला होता! ऊन कडक. निर्मलानं लाल काठाचा दुपट्टा डोक्या-तोंडाला घट्ट बांधला अन् पुढं बसली. मागं गजानन, डोक्याला पिवळा फुलांचा स्कार्फ. पानठेल्यावरचे लोक उठून पाहू लागले. त्यानं मान ताठ केली अन् स्कार्फची गाठ आणखी आवळली. गाडी भातकुलीच्या रस्त्याला लागली.

मध्यस्थ बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा खाली पाहिलं अन् मला विचारलं, "काका, यातला नवरा कोणता हो?"

मी म्हटलं, "आतापर्यंत तर मीच होतो, बाई. अन् बायकोही मीच!"